तडीपार : आमच्या प्रेस नोटमधला शब्द आणि ताडीवाला रोडचा पोरगा

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण पूर्ण वाचा.

गेली वीस वर्षं मी कराडमध्ये बातमीदारी करतोय. कधी सातारा जिल्ह्याची, कधी कृष्णेच्या खालच्या अंगाला सांगलीची. या वीस वर्षांत एक बातमी मी इतक्या वेळा दिलीय की आता डोळे मिटून टाईप करता येते. पोलिसांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रेस नोट पडते. 'टोळीप्रमुख अमुक उर्फ तमुक, वय २२, टोळी सदस्य अमुक, वय १९, यांच्यावर शरीराविरुद्धचे व मालमत्तेविरुद्धचे गुन्हे दाखल असून, सर्वसामान्य जनतेस उपद्रव होत असल्याने त्यांना दोन वर्षांसाठी तडीपार करण्यात आले आहे.' खाली कारवाईत भाग घेतलेल्या पोलिसांची नावं. ती मात्र एकही सुटता कामा नये.

गणपती आले की ही बातमी येते. निवडणूक लागली की येते. आम्ही 'सातजण तडीपार' असा मथळा देतो आणि जेवायला जातो. डिप्लोमा करताना सरांनी सहा ककार घोकून घेतले होते : कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसे. या बातमीतला 'का' मी आजवर एकदाही स्वतः शोधला नाही. तो प्रेस नोटमध्ये तयार मिळतो.

हाच शब्द मला २०२० साली एका पोराच्या मोबाईलवर दिसला. लॉकडाऊन थोडं सैल झालं होतं. हायवेलगतच्या एका वॉशिंग सेंटरवर गाडी धुवायला लावली होती. पोरगा कानात हेडफोन घालून फोम मारत होता. म्हटलं, काय ऐकतोयस? त्याने हात पुसून स्क्रीन दाखवली. अल्बमचं नाव 'तडीपार'. गाणारा एमसी स्टॅन.

मी हसलो. म्हटलं, हे काय नाव झालं?

तो म्हणाला, "दादा, तुमच्या पेपरातलंच हाय की."

तिथून मी या माणसाकडे नीट बघायला लागलो. ज्यांनी फक्त नाव ऐकलंय किंवा 'तो साखळ्यावाला' एवढंच ज्यांना माहीत आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

खरं नाव अल्ताफ. जन्म १९९९, पुणे. पुणे स्टेशनच्या मागे ताडीवाला रोड आहे. रेल्वेच्या कडेला लागून दाट वस्ती. आपल्याकडून पुण्याला जाणाऱ्यांनी रेल्वेतून हजार वेळा बघितली असेल, उतरून कोणी आत गेलं नसेल. हा पोरगा तिथला. लहानपणी कव्वाली गायचा, मग ब्रेक डान्स, मग रॅप. २०१८ ला 'वाटा' नावाच्या गाण्याने तो पोरांमध्ये माहीत झाला. पुढच्या वर्षी मुंबईच्या एमिवे बंटायशी त्याची गाण्यांतून जुंपली आणि नाव देशभर गेलं. २०२० ला 'तडीपार', २०२२ ला 'इन्सान' असे दोन अल्बम. मग बिग बॉसचं सोळावं पर्व. १२ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री तो ते जिंकला. शेवटी उरलेले दोघंही महाराष्ट्राचेच होते, दुसरा अमरावतीचा शिव ठाकरे. बक्षीस ३१ लाख ८० हजार आणि एक गाडी. तेव्हा त्याचं वय होतं २३. म्हणजे माझ्या प्रेस नोटमधल्या पोरांचंच वय.

आता कोणी म्हणेल, रॅप काय त्याने शोधला का? नाही. हिप-हॉपचा जन्म ११ ऑगस्ट १९७३ चा मानतात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, एका इमारतीच्या हॉलमध्ये, डीजे कूल हर्कने बहिणीसोबत केलेल्या पार्टीत. तोही गरिबांचाच भाग. आपल्याकडे मुंबईच्या डिव्हाईन आणि नेझीचं 'मेरे गली में' २०१५ ला आलं, 'गली बॉय' सिनेमा २०१९ ला. मराठीतही श्रेयस जाधवने पुण्यावर रॅप केला होता. अमरावतीचा 'हंड्रेड आरबीएच' वऱ्हाडीत ठोकून बोलतो. मुंबईच्या 'स्वदेशी' गटातली पोरं आरे आणि वारली लोकांसाठी गायली. ही सगळी माणसं मोठीच आहेत.

मग स्टॅनलाच वाट पाडणारा का म्हणायचं?

एक तर आवाज. डिव्हाईनच्या पिढीचा रॅप छाती पुढे काढून बोलायचा, एकेक शब्द स्वच्छ. स्टॅनने त्याच्या खाली जड बेस टाकला, आवाज मशीनमधून काढून थोडा रडवेला, थोडा झिंगलेला केला, आणि त्यात वस्तीची कहाणी सांगितली. हा प्रकार अमेरिकेत होता, पण आपल्या वस्तीच्या तोंडी तो त्याने बसवला. बीटही बरेचसे स्वतःचेच. आज कराड-मिरजेतलं कुठलंही नवं पोरगं रॅप करायला बसलं की पहिला प्रयत्न त्याच चालीत होतो. चांगला की वाईट ते पुढे बोलू.

दुसरं म्हणजे भाषा. ती ना सदाशिव पेठेची मराठी, ना सिनेमाची हिंदी. हिंदीच्या अंगात मराठी शब्द, मराठीच्या तोंडात दखनी हेल. 'शेमडी' हा त्याचा शब्द देशभर गाजला, तो आपला 'शेंबडी' आहे हे दिल्लीच्या पोरांना माहीतही नसेल. मिरज जंक्शनवर, सांगलीच्या शंभर फुटी रस्त्यावर, आमच्या कराडच्या स्टँडवर पोरं असंच बोलतात. शाळेत याच भाषेसाठी त्यांनी मार खाल्लाय.

तिसरं म्हणजे पत्ता. गरीब घरातून पुढे गेलेला माणूस पहिलं काम करतो ते वस्तीचं नाव गाळण्याचं. कुठं राहता विचारलं की जवळच्या चांगल्या कॉलनीचं नाव सांगतो. याने उलट केलं. टीव्हीवर, मोठ्या लोकांसमोर, वस्तीचं नाव घेऊन बसला. बिग बॉसनंतरच्या दौऱ्याचं नावसुद्धा 'बस्ती का हस्ती'.

हे घडायला एक साधं कारणही आहे. सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि नेट स्वस्त झालं. त्याआधी गाणं लोकांपर्यंत न्यायचं तर कंपनी लागायची, ओळख लागायची. नंतर एक मोबाईल, एक माईक आणि यूट्यूबवर खातं एवढं पुरलं. मधला माणूस गेला. मधल्या माणसांत आम्ही बातमीदारही होतो, हे कबूल करायला पाहिजे. एमसी स्टॅनला मोठं करण्यात मराठी वर्तमानपत्रांचा वाटा शून्य आहे. तो टीव्हीवर जिंकला तेव्हा आमच्या डेस्कवर एकमेकांना विचारणं चाललं होतं, "कोण रे हा?" दुसऱ्या दिवशी मनोरंजनाच्या पानावर त्याचा हसरा फोटो लागला. मी तो बराच वेळ बघत बसलो. तसे केस, तशा साखळ्या, तसं नाव आणि तसल्या पत्त्याचा पोरगा आमच्या पानावर यायचा तो सहसा तोंडावर बुरखा घालून, दोन्ही बाजूला पोलीस उभे असताना.

आता वॉशिंग सेंटरच्या पोराकडे येतो.

त्याच काळात तोही गाणी करायला लागला होता. मित्राच्या मोबाईल शॉपीत, शटर अर्धं खाली ओढून रेकॉर्डिंग. स्टॅन जिंकल्यावर महिन्याभराने तो मला भेटायला आला. नवं गाणं ऐकवलं. बेस वगैरे स्टॅनचीच नक्कल होती, खोटं कशाला सांगू. पण गाण्यातली गोष्ट त्याची स्वतःची होती. भाऊ तडीपार झालाय. पंढरपूरला मावशीकडे राहतोय. आई दर पंधरा दिवसांनी एसटीने डबा घेऊन जाते आणि शेजारच्यांना सांगते, माझी वारी चालू आहे.

मी गप्प झालो. मग तो म्हणाला, "दादा, भावाचं नाव तुमीच छापलं हुतं न्हवं? मग माजंबी छापा की."

त्यात राग नव्हता. सरळ मागणी होती. मी हो म्हणालो. आणि बातमी दिली नाही. लिहायला घेतली होती, मग वाटलं डेस्क म्हणेल यात बातमी काय आहे. डेस्कला विचारलंसुद्धा नाही. ही चूक माझी, दुसऱ्या कोणाची नाही.

पुढे कधीतरी लाज वाटून मी त्या भावाच्या आदेशाचे कागद मागून वाचले. तडीपारीचा कायदा पहिल्यांदा नीट वाचला, वीस वर्षांच्या नोकरीनंतर. तुम्हालाही सांगतो, कारण हे आपल्यातल्या बहुतेकांना माहीत नसतं.

महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१. कलम ५५ टोळीसाठी, ५६ आणि ५७ एकट्या माणसासाठी. तडीपारी ही शिक्षा नाही. कोर्टात गुन्हा सिद्ध झालेला असलाच पाहिजे असंही नाही. कलम ५६ खाली अधिकाऱ्याला एवढं वाटावं लागतं की हा माणूस धोकादायक आहे आणि साक्षीदार भीतीने उघड पुढे यायला तयार नाहीत. मग तो जास्तीत जास्त दोन वर्षं जिल्ह्याबाहेर, गरज वाटली तर शेजारच्या जिल्ह्यांबाहेरही. नोटीस द्यावी लागते, म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, राज्य सरकारकडे अपील करता येतं. जानेवारी २०२२ मध्ये जालन्याच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने तडीपारीचा आदेश रद्द केला आणि बजावलं की हा असाधारण उपाय आहे, माणसाच्या फिरण्याच्या मूलभूत हक्कावर घाला घालणारा आहे, तो जपून वापरा.

मी पोलिसांच्या विरोधात लिहितोय असं कोणी समजू नये. काही पोरं खरोखरच गुंड असतात. हप्त्याला कंटाळलेला दुकानदार आणि क्लासवरून येताना वाट बदलणारी मुलगी, दोघांनाही मी ओळखतो. एखादा तडीपार झाला की गल्ली मोकळा श्वास घेते, हेही पाहिलंय. पण या भावावरच्या तीन गुन्ह्यांपैकी दोनांत तो पुढे निर्दोष सुटला होता. ती बातमी मी दिली नव्हती. दोन वर्षं संपून तो घरी आला, तीही नाही. आमच्या पेपरच्या हिशेबात तो अजून तडीपारच आहे.

या मातीत ही गोष्ट नवी नाही. कराडवरून हायवेने कोल्हापूरकडे निघालात की कासेगावच्या बाजूला वाटेगाव आहे. वाळवा तालुका, सांगली जिल्हा. १ ऑगस्ट १९२० ला तिथे अण्णा भाऊ साठे जन्मले. शाळेत दीड दिवस गेले आणि बापाबरोबर पायी मुंबई गाठली. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जातीच्या जाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या होत्या. त्या लोकांना हजेरी द्यावी लागायची, गावाबाहेर जायला परवानगी लागायची. तो कायदा स्वातंत्र्यानंतर, १९५२ ला गेला. अण्णा भाऊंनी १९५९ ला 'फकिरा' लिहिली. सरकारी कागदात जो दरोडेखोर होता तो कादंबरीत माणूस झाला, भुकेल्या गावासाठी उभा राहिलेला नायक झाला. पुस्तक त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलं.

'हजेरी' हा कचेरीतला शब्द अण्णा भाऊंनी उचलला आणि त्याच्या आतलं माणसाचं दुःख दाखवलं. 'तडीपार' हा कचेरीतला शब्द ताडीवाला रोडच्या पोराने उचलला आणि अल्बमवर छापला. मधल्या साठ वर्षांत आम्ही बातमीदार तोच शब्द कचेरीतून जसाच्या तसा उचलून पानावर ठेवत आलो.

पण इथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो, कारण हल्ली कोणीही उठतो आणि 'रॅप म्हणजे आजची शाहिरी' म्हणून मोकळा होतो. तसं नाही. अण्णा भाऊ एकटे नव्हते. १९४४ ला अमर शेख आणि गवाणकरांबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. मागे गिरणी कामगार होते, संघटना होती, पुढे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ होती. शाहीर 'आम्ही' म्हणायचा. स्टॅन 'मी' म्हणतो. माझी साखळी, माझे बूट, माझे दुश्मन, माझा पैसा. वस्ती त्याच्या गाण्यात आहे, पण वस्तीने एकत्र येऊन काय करायचं हे नाही. त्याच्या गाण्यांत शिव्यांचा पाऊस आहे, नशा आहे. बाईबद्दल तो जे बोलतो ते माझ्या मुलीने ऐकावं असं मला वाटत नाही. पोरांनी त्याच्याकडून वस्तीचा अभिमान घेतला तसंच हेही घेतलं. हाही त्याचा प्रभावच आहे आणि तो मोजायला पाहिजे.

मात्र 'मी'चा दोष एकट्या त्याच्या माथी मारता येणार नाही. त्याच्या पाठीशी उभं राहील असं कलापथक त्याच्या वस्तीत उरलं होतं का? आपल्याकडे तरी उरलंय का? गिरण्या गेल्या, चळवळी आटल्या, तरुण मंडळांचे फ्लेक्स तेवढे राहिले. ज्याला 'आम्ही' कोणी शिकवलंच नाही तो 'मी'च म्हणणार.

आणि गाणं आवडलं नाही म्हणून गाणाऱ्याला हाकलायचं, हे मला मान्य नाही. मार्च २०२३ मध्ये इंदूरला करणी सेनेच्या कार्यकर्त्यांनी मंचावर चढून स्टॅनचा कार्यक्रम बंद पाडला. पुढच्याच महिन्यात आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेने सत्तांतरावर मराठी रॅप केला म्हणून अंबरनाथमध्ये गुन्हा दाखल झाला. मुंबईच्या उमेश खाडेला त्याच्या रॅपसाठी पोलिसांनी चौकशीला बोलावलं. म्हणजे शिव्या देणारा संस्कृतीला नको आणि मुद्द्याचं बोलणारा सत्तेला नको. मग या पोरांनी गायचं तरी काय?

गणपतीत रात्री दहापर्यंत भिंतीएवढ्या डॉल्बीवर आयटम साँग वाजतं, तेव्हा आपली संस्कृती झोपलेली असते. त्याच मंडळाच्या स्टेजवर वस्तीतल्या चार पोरांनी दहा मिनिटं मागितली की तिला जाग येते. वॉशिंग सेंटरच्या पोराला दोन मंडळांनी नाही म्हटलं. एकाने कारण दिलं, "तुज्या भावाचं प्रकरण हाय, उगं कशाला." त्याने गाणं केलं होतं ते त्याच प्रकरणावर.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे.

मंडळांनी दहा दिवसांतली एक संध्याकाळ, फार नाही, अर्धा तास गावातल्या या पोरांना द्यावा. अट घाला : शिवी नको, बाईचा अपमान नको, गोष्ट स्वतःची पाहिजे. पोरं अट पाळतील. आईच्या समोर गायचं म्हटलं की भाषा आपोआप सुधारते. नगरपालिकांनी आपले हॉल लग्नाच्या तारखा नसतील तेव्हा उघडून द्यावेत. अण्णा भाऊंच्या जयंतीला पुतळ्याला हार घालणाऱ्या पुढाऱ्यांनी त्या दिवशी व्यासपीठावर स्वतः कमी बोलावं आणि वस्तीतल्या एका पोराला बोलू द्यावं.

आणि माझ्या बातमीदार मित्रांनो, आपल्याला काही सांगायचा मला अधिकार नाही, मी स्वतः वीस वर्षं हेच केलंय. पण यावर्षीपासून मी एक वही केलीय. तडीपारीची बातमी दिली की त्यात नाव, तारीख, कलम लिहून ठेवतो. पुढे त्या पोराने अपील केलं का, त्याच्यावरच्या केसचं काय झालं, मुदत कधी संपली, हे विचारतो. सुटला असेल तर तितक्याच मोठ्या अक्षरात छापून यावं यासाठी डेस्कशी भांडतो. आतापर्यंत दोनदा भांडलो. एकदा छापून आलं.

ताडीवाला रोडच्या पोराचं पुढे काय होईल, तो टिकेल की दोन हिटनंतर विसरला जाईल, मला सांगता येणार नाही. पण त्याच्यामुळे आमच्या इथल्या एका पोराला वाटलं की आपल्या घरातली लपवायची गोष्ट मोठ्याने सांगता येते. ती त्याने सांगितली. ऐकणारे मात्र आम्ही कमी पडलो.

तो अजून गाड्या धुतो. भाऊही आता तिथेच कामाला आहे. परवा गाडी घेऊन गेलो तर म्हणाला, "दादा, नवीन गाणं केलंय, पण ह्यात तडीपार न्हाय." म्हटलं, मग काय आहे? म्हणाला, "ऐका तर."

यावेळी गाडी बंद केली, काचा वर घेतल्या आणि पूर्ण ऐकलं. बातमी लिहून कालच पाठवलीय. छापून आली तर इथे टाकतो. नाही आली तर तेही सांगतो.

तुमच्या गावात असं कोणी गाणारं पोरगं असेल तर कमेंटमध्ये गावाचं नाव लिहा. मी येतो ऐकायला.